दाजींनी बसवलेला फिल्टर

आमच्या घरातली सगळ्यात स्वच्छ गोष्ट म्हणजे गाडीतलं डिझेल. ते दोनदा गाळून इंजिनात जातं. आम्ही जे पाणी पितो ते आई एकदाच गाळते, तेही जुन्या रुमालातून, आणि गाळताना ती खिडकीतून गाडीकडे बघते. रुमाल मात्र जरा जास्तच जोरात पिळते.

पहिला फिल्टर गाडीसोबत आला होता. दुसरा दाजींनी बसवला. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जनरेटर दुरुस्त करतात. उंच आहेत, हळू बोलतात, जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलतात, आणि दिवसभर इंजिनात हात घालूनही त्यांच्या शर्टाला कधी डाग लागत नाही. एका माणसात एवढे दोष असले की त्याच्याशी जमवून घेणं अवघड जातं.

आमची पिकअप बर्फ वाहते. कारखान्यातून लाद्या भरायच्या, गोणपाटात गुंडाळायच्या आणि वितळायच्या आत मासळीबाजारात, हॉटेलांत पोचवायच्या. धंद्याचं सगळं शहाणपण त्या ‘आत’मध्ये आहे. गाडी बाबा चालवतात. मी शेजारी बसतो आणि पोचलो की आकडा लावून लाद्या ओढतो. परतीची रिकामी गाडी मला चालवायला मिळते. भरलेली नाही.

“मागे बर्फ असला की हात वेगळा लागतो,” बाबा म्हणायचे.

कसा वेगळा, ते सांगायचे नाहीत. मी लहानपणापासून त्यांचा हात बघत आलोय. तो हातासारखाच दिसतो. डिझेल भरतानासुद्धा ते स्वतः उतरायचे आणि टाकीपाशी पाठ करून उभे राहायचे. मी जवळ गेलो की म्हणायचे, “तू गाडीत बस.” एवढा अविश्वास लोक चोरावरही दाखवत नाहीत, चोराला निदान ओळखत तरी नसतात.

मग बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या आणि मग बरेच दिवस गाडी विसरा. बाबांनी पहिलं मान्य केलं आणि दुसरं ऐकू न आल्यासारखं केलं, तेव्हा डॉक्टरांनी कानही तपासायचे का म्हणून विचारलं. शेवटी बाबांनी मान हलवली. म्हणजे चावी कुणाकडे तरी जाणार होती. मला काळजी नव्हती. मुलगा एक, गाडी एक. हे गणित मलाही येतं, आणि मला गणित येत नाही.

त्या रविवारी ताई आणि दाजी जेवायला आले. बाबांनी दाजींच्या ताटात स्वतः वाढलं आणि विचारलं, “जावईबापू, तुम्ही जड गाडी चालवलीय ना?”

“जनरेटरची ट्रॉली मागे लावून चालवलीय, बाबा.”

“म्हणजे हात आहे,” बाबा म्हणाले.

मला ठसका लागला. आईने पाणी दिलं. गाळलेलं.

त्याच सुमारास गाडी खोकायला लागली. सपाट रस्त्यावर नीट चालायची आणि मध्येच वर्गात चुळबुळ करणाऱ्या पोरासारखी आचके द्यायची. मिस्त्रीने बॉनेट उघडून फिल्टर काढला आणि त्यातलं डिझेल काचेच्या ग्लासात ओतलं. खाली पाणी बसलं, वर डिझेल तरंगलं. “पाणी येतंय,” मिस्त्री म्हणाला, “पंप बदला.” आम्ही डिझेलचा पंप बदलला. पाणी येतच राहिलं. आम्ही आणखी लांबच्या पंपावर जायला लागलो. पाणी तिथेही आमच्या आधी पोचलेलं असायचं.

“टाकी आणि इंजिनाच्या मध्ये एक जादा फिल्टर बसवू,” दाजी म्हणाले. “खाली काचेचा वाडगा असतो. पाणी जड, ते वाडग्यात उतरतं. दिसतं. रोज खालचा स्क्रू सैल करायचा, पाणी सोडून द्यायचं.”

बाबा त्यांच्याकडे असे बघत राहिले, जसं मी शाळेतून प्रगतिपुस्तक आणल्यावर त्यांनी बघावं अशी माझी फार इच्छा असायची.

पुढच्या सुट्टीला दाजी फिल्टर घेऊन आले. अंगणात गाडीखाली पोतं अंथरून आडवे झाले. चॅसीवर पट्टी ठोकली, तिला फिल्टर बसवला, इंधनाची नळी कापली, दोन तोंडं दोन बाजूंना चढवली आणि क्लिप आवळल्या. फिल्टरवर बाण होता. तो इंजिनाकडे हवा, हे त्यांनी बाबांना दाखवलं. मग हाताने पंप दाबून नळीतली हवा काढली. सगळं इतकं नीट चाललं होतं की बघवत नव्हतं.

पण मला लागलं ते वेगळंच. बाबा गाडीशेजारी उकिडवे बसून दाजींना बॅटरी धरत होते.

आमच्या घरात बॅटरी मी धरतो. समज आल्यापासून. बाबा गाडीखाली आणि मी बाहेर उजेड घेऊन, आणि आतून आवाज: “कुठे पाडतोयस उजेड? माझ्या नाकावर काय आहे?” माझं निम्मं बालपण बाबांच्या नाकावर उजेड पाडण्यात गेलं. आणि तेच बाबा, डोळ्यांत मोतीबिंदू असताना, दाजींना विचारत होते, “नीट दिसतंय ना? जरा डावीकडे घेऊ?”

मला हेवा वाटत नव्हता. मला फक्त दाजींच्या पायावर बर्फाची लादी पडावी असं वाटत होतं. छोटी.

दुसऱ्या दिवशी वाडग्यात बोटभर पाणी जमलं. बाबांनी ते बाटलीत काढून आईला दाखवलं, मला दाखवलं, आणि मग शेजारच्या शिंपीकाकांना हात धरून अंगणात आणलं.

“बघा. जावयाने पकडलं.”

शिंपीकाकांनी बाटली उजेडात धरली. “पाणी आहे,” ते म्हणाले.

“पाणीच आहे!” बाबा म्हणाले. हिरा आहे म्हटल्यासारखे.

रोज असंच. सकाळी स्क्रू सैल, बाटलीत पाणी, अंगणात प्रदर्शन. एकदा आई दारातून म्हणाली, “अहो, पण रोज हे पाणी येतं कुठून ते बघा की आधी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.” एवढं बोलून ती कॉफी करायला आत गेली. आमच्या कॉफीच्या डब्यावर बशी असते. त्याचं झाकण फार पूर्वी हरवलंय. आईने तो विषय अजून सोडलेला नाही, पण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. तेव्हाही दिलं नाही.

मी मात्र विचार करत होतो. दाजींचं सगळं मोठेपण त्या वाडग्यात होतं. वाडगा कोरडा राहिला तर बाबांना दाखवायला काय उरणार? आणि वाडगा कोरडा ठेवायचा तर पाणी त्याच्या आधीच अडवलं पाहिजे. म्हणजे टाकी आणि दाजींचा फिल्टर यांच्या मध्ये आणखी एक फिल्टर पाहिजे. माझा.

हा विचार मला इतका आवडला की त्यात काही चूक आहे का ते मी बघितलंच नाही.

“कुठल्या गाडीला?” स्पेअर पार्टच्या दुकानदाराने विचारलं.

“पिकअप.”

“हा मोटारसायकलचा आहे.”

“चालेल. जरा लपायला बरा पडेल.”

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुपारी बाबा झोपल्यावर मी गाडीखाली शिरलो. बॅटरी दातांत धरली. नळी कापायला आईची सुरी घेतली होती. डिझेल थेट कानात आलं. कानात डिझेल गेलं की जग जरा लांबून ऐकू येतं. वाईट वाटत नाही. अंगठ्याएवढा तो प्लास्टिकचा फिल्टर मी मध्ये बसवला, बाण इंजिनाकडे, दोन क्लिप, आणि हवा काढली. दाजींनी कसं केलं ते मी पूर्ण बघितलं होतं. जळणाऱ्या माणसासारखं लक्ष देऊन कोणी बघत नाही.

दुसऱ्या सकाळी वाडगा कोरडा. तिसऱ्या सकाळीही कोरडा. मी दारात उभा राहून बाबांचा चेहरा पडायची वाट बघत होतो.

“शिंपीकाका!” बाबा ओरडले. “या, बघा! जावयाचा फिल्टर एवढा जबर आहे की आता पाणी यायलाच घाबरतं!”

पाणी मी पकडत होतो आणि कौतुक दाजींचं होत होतं. आणि मला सांगताही येत नव्हतं. देव जर असेल तर त्याला माझ्यापेक्षा चांगला विनोद सुचतो, आणि हेही मला आवडलं नाही.

ऑपरेशनला थोडे दिवस राहिले तेव्हा बाबांनी जाहीर केलं, “उद्या भरलेली गाडी जावईबापू चालवतील. बघू.”

दाजींनी कामावरून सुट्टी काढली. गाडीत तिघं. स्टिअरिंगवर दाजी, खिडकीपाशी बाबा, मधे मी, आणि माझ्या गुडघ्यांच्या मध्ये गिअरचा दांडा. गिअर बदलताना दाजी दर वेळी “सॉरी” म्हणायचे. रहदारी एवढी होती की कारखान्यापासून हॉस्पिटलपर्यंत त्यांनी माझी जेवढी माफी मागितली, तेवढी आयुष्यात कोणी मागितली नसेल.

गाडी सुरेख चालवत होते. बाबा खिडकीबाहेर बघत हळूच मान हलवत होते. मला ती मान दिसत होती.

हॉस्पिटलमागच्या चढावर गाडीने दम टाकला. दाजींनी गिअर खाली घेतला, सॉरी म्हणाले, पाय दाबला. इंजिन घुसमटल्यासारखं दोनदा आचकलं आणि बंद पडलं. मागे हॉर्न वाजायला लागले.

मला झालेला आनंद मी सांगू शकत नाही. आला ना हात! हाच का तो वेगळा हात?

“क्लच लवकर सुटला का?” बाबांनी विचारलं. आवाजात काळजी होती.

“नाही बाबा. डिझेल पोचत नाहीये. कुठेतरी अडतंय.”

कुठेतरी अडतंय. माझा आनंद तिथेच गार झाला, मागच्या मालासारखा. कुठे अडतंय ते जगात एकालाच माहीत होतं.

“मेहुणेबुवा,” दाजी उतरत म्हणाले, “बॅटरी घेऊन जरा खाली येता?”

आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. ऊन तापलं होतं, लाद्या वितळत होत्या, रस्त्यावरून पाण्याचा ओहोळ उताराला लागला होता. मी उजेड पाडला. तो नेमका माझ्या फिल्टरवर पडला. मी मुद्दाम पाडला नाही. आयुष्यभराची सवय, जिथे पाडायचा नाही तिथेच पडतो. आतला कागद पाणी पिऊन फुगला होता आणि तपकिरी झाला होता. त्यातून डिझेल तर सोडाच, पश्चात्तापही आरपार गेला नसता.

दाजींनी फिल्टरकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“हा कुठला?”

“मोटारसायकलचा.”

त्यांनी क्लिपवरून बोट फिरवलं. “क्लिप मात्र सरळ बसवल्यात,” ते म्हणाले. “आणि उजेड छान धरलायत. हलवू नका.”

उजेड छान धरलायत. हे वाक्य ऐकायला मी लहानाचा मोठा झालो होतो, आणि म्हणालं कोण?

तेवढ्यात माझ्या कपाळावर थेंब पडला. गारठलेला. डिझेल एवढं गार नसतं. मी उजेड वर नेला. मागच्या फळीला नव्याने पडलेल्या फटीतून बर्फाचं पाणी गळत होतं, ते टाकीच्या तोंडावर बांधलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर पडत होतं, आणि गोणपाट ते आत पाझरवत होतं. तो तुकडा आम्ही दोघांनीही आधी बघितला होता. पण बर्फाच्या गाडीला गोणपाट असायचंच, कोण विचारतंय? दाजींनी तार सोडली. खाली टाकीचं झाकण नव्हतं. पत्र्याचं एक गोल झाकण होतं आणि त्यावर वाफाळत्या कपाचं चित्र.

“हे आमचं आहे,” मी म्हणालो.

“काय दिसतंय?” वरून बाबांचा आवाज आला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दाजींच्या हातात माझा फिल्टर. माझ्या हातात बाबांचं झाकण. मी तोंड उघडलं तर दाजींचा वाडगा निकाली, त्यांनी उघडलं तर मी.

दाजींनी नळी थेट जोडली, क्लिप आवळली, आणि तो ओला फिल्टर स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला. पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग पसरत गेला. दाजींच्या शर्टाला लागलेला मी बघितलेला पहिला डाग.

“नळीत कचरा अडकला होता, बाबा,” ते मोठ्याने म्हणाले. “काढला.”

मला कोणी इतक्या सभ्यपणे कचरा म्हटलं नव्हतं.

आम्ही बाहेर आलो. झाकण माझ्या हातातच राहिलं होतं. बाबांना नीट दिसत नव्हतं, पण त्यांनी ते हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं आणि ओळखलं.

“मूळचं पंपावर विसरलं होतं,” ते म्हणाले. “हे तात्पुरतं लावलेलं.”

“कधी?”

“तू चौथीत असशील.”

म्हणून ते पाठ करून उभे राहायचे. मला वाटायचं माझ्यावर विश्वास नाही.

बाबा फुटपाथच्या कडेला बसले. “म्हणजे पाणी इथून येत होतं. माझ्याच झाकणातून. आणि मी शिंप्याला बाटल्या दाखवत सुटलो.” त्यांनी झाकण उलटं केलं, सुलटं केलं. “उद्या पट्टी बांधली की हेही दिसणार नाही मला. बरंच आहे.”

बाबांचं कौतुक आटावं असं मला इतके दिवस वाटत होतं. ते आटलं. पण चुकीच्या माणसाचा चेहरा पडला होता.

“पूर्वीचा बर्फ घट्ट असायचा, बाबा,” मी म्हणालो. “एवढा गळायचा नाही. तेव्हा हे झाकण बरोबर होतं.”

बाबांनी मान वर केली. डोळ्यांतल्या त्या दुधाळ ठिपक्यांतून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तेच,” ते म्हणाले. “तेच म्हणतो मी. पूर्वीचा बर्फच वेगळा होता.”

“जनरेटरचंही तसंच झालंय,” दाजी म्हणाले. याचा अर्थ आजवर कोणालाच कळलेला नाही, पण बाबांना फार धीर आला.

आम्ही झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घातली आणि ते घट्ट बांधलं. दाजी गाडीच्या दाराशी आले आणि थांबले.

“बाबा, चढावर माझा पाय कापतो. इथून पुढे मेहुण्यांना द्या. आणि खरं तर चावीच त्यांना द्या.”

त्यांचा पाय कापत नव्हता. त्यांचं काहीही कधी कापत नाही. पण बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला म्हणाले, “बस.”

मी भरलेली गाडी चालवली. सांगतो: रिकाम्या गाडीसारखीच असते, फक्त थांबायला वेळ घेते. एवढंच होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. बाबा शेवटपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. आमच्याकडे याला प्रमाणपत्र धरतात.

आता टाकीला कुलूपवालं नवीन झाकण आहे. जुनं आईने साबणाने घासून कॉफीच्या डब्यावर बसवलं. कॉफीला डिझेलचा वास येतो. सगळे पितात, कोणी बोलत नाही, कारण आई खुश आहे. बाबांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. दाजी संध्याकाळी येतात आणि त्यांच्या डोळ्यात थेंब घालतात. बाबा त्यांना गाडीच्या गोष्टी सांगतात, कुठल्या वळणावर लादी घसरली, कुठला मासळीवाला रडला. त्या गोष्टी मला कधी सांगितल्या नव्हत्या. मला चावी मिळाली, दाजींना बाबा मिळाले.

आणि वाडगा कोरडा ठणठणीत आहे. पाणी येतच नाही तर जमणार कुठून? पण बाबा काळा चष्मा लावून शिंपीकाकांना घेऊन येतातच. “जावयाने बसवल्यापासून थेंब नाही,” म्हणतात. मी तिथेच उभा असतो, आकडा घेऊन. आकड्याचे पुष्कळ उपयोग मनात येतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी चावी दाजींकडे दिली होती, नवीन रिंगमध्ये घालायला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात दाजींनी ती बाबांच्या हातात ठेवली आणि बाबांनी माझ्या. रिंगला काहीतरी लटकत होतं. अंगठ्याएवढं, प्लास्टिकचं, स्वच्छ धुतलेलं. आत कोरा कागद, बाहेर बाण.

“हे काय आहे?” बाबांनी बोटांनी चाचपून विचारलं.

“शोभेचं आहे, बाबा,” दाजी हळू आवाजात म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चेहरा असा, जसा अस्सल विनोद करणाऱ्याचाच असतो.

मला हसू आलं. मी गाडीत बसलो, चावी फिरवली, तो बाण डोलायला लागला, आणि मी आणखी हसलो. मग गाडी रस्त्याला लागली तसं माझ्या लक्षात आलं, की हा विनोद फारच चांगला होता. आणि तो मला सुचला नव्हता.

चढ येईपर्यंत माझं पोट दुखत राहिलं.